फॅक्टर म्हणजे अवयवच, एवढं पहिल्या दिवशी सांगा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पीयू आणि डिग्री कॉलेजांचे संस्थाचालक, प्राचार्य आणि गणित शिकवणारे सर-मॅडम यांस,

स. न. वि. वि.

मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका मशिन शॉपमध्ये हिशेब बघते. जीएसटीची बिलं, कामगारांचे पगार, ओव्हरटाइम, भंगाराचं वजन, सगळं माझ्या टेबलावर. संध्याकाळी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी पोचते तेव्हा पडवीत सात-आठ पोरंपोरी वह्या उघडून बसलेली असतात. कुणी फर्स्ट पीयूसीला (म्हणजे अकरावीला), कुणी बीकॉमला, एक डिप्लोमाचा. याला ट्यूशन म्हणता येणार नाही, कारण फी नाही. कुणाची आई शेंगा पाठवते, कुणाची सुगीला तांदूळ. गेली नऊ वर्षं हे चाललंय. दरवर्षी जुलैत पडवीत जी रडारड होते ती अगदी तीच असते, पोरं तेवढी बदलतात. म्हणून हे पत्र.

आधीच सांगून टाकते, हा सीमाप्रश्नाचा अर्ज नाही. तो खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथं तो राहू दे. मला हवेत फक्त अठरा तास, शाळेतलं बीजगणित कॉलेजात परत पक्कं करून घ्यायला, आणि ते तुमच्याच टाइमटेबलात निघण्यासारखे आहेत.

मागच्या डिसेंबरातली एक वही सांगते. जांबोटीकडची मुलगी, फर्स्ट पीयूसी सायन्स, लिमिट्सचा धडा चाललेला. (कॉलेजात ज्याला एक्स म्हणतात त्याला मी इथं क्ष म्हणते, जुन्या मराठी पुस्तकांत तोच असायचा.) गणित असं: क्ष ची किंमत ३ च्या जवळ जाते तेव्हा (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) याचं काय होतं? तिचं उत्तर ६, बरोबर. वर सरांची लाल टिक. पण मधली पायरी बघितली आणि मी पेन खाली ठेवलं. तिनं वरच्या क्ष² ला खालच्या क्ष नं काटलं होतं, उरला क्ष. मग वरच्या उणे ९ ला खालच्या उणे ३ नं काटलं, उणे-उणे अधिक, उरले अधिक ३. झालं क्ष + ३, त्यात ३ घातले, ६.

खरं म्हणजे क्ष² − ९ चे अवयव पडतात (क्ष − ३)(क्ष + ३), त्यातला क्ष − ३ हा अख्खा अवयव वर-खाली सारखा म्हणून जातो आणि क्ष + ३ उरतो. तिच्या हाती तेच आलं, पण चुकीच्या वाटेनं, योगायोगानं. मी म्हटलं, "बाई गं, असं तुकड्या-तुकड्यानं काटत नाहीत." ती म्हणाली, "सरांनी टिक मारलेत की ओ ताई!"

मग मी तिला (क्ष² + ९) भागिले (क्ष + ३) दिलं. तिनं त्याच झपाट्यानं काटलं आणि परत क्ष + ३ लिहिलं. म्हटलं आता क्ष च्या जागी १ घाल. मुळात येतात १० भागिले ४, म्हणजे अडीच. तिच्या उत्तरात येतात ४. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग जे विचारलं ते मला अजून आठवतं: "मग आठवीपासून मी जेवढं काटलंय ते सगळं चूक काय?"

सगळं चूक नव्हतं. पण कुठलं बरोबर आणि कुठलं चूक हे तिला सांगता येत नव्हतं, आणि ही मुलगी दहावीला गणितात पंच्याऐंशीच्या वर घेऊन आलेली. तुमच्या वर्गात ती "लिमिट्समध्ये वीक" म्हणून ओळखली जाते. लिमिट तिला नीट कळली होती. जवळ जाणं म्हणजे काय, ३ वर उभं का राहायचं नाही, सगळं सांगत होती. अडली होती अवयवांत, आणि अवयव शिकवण्याचा तास तुमच्याकडं नसतो, कारण ते "शाळेत झालेलं असतं".

हे मला परकं नाही. मीही मराठी शाळेतून दहावी करून बेळगावच्या एका कॉलेजात सायन्सला गेले होते. आमच्या हायस्कूलला दोन वर्षं गणिताला कायमचा मास्तर नव्हता, तरी मार्क बरे पडले, कारण ठरावीक गणितं पाठ होती. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक बहुपदी लिहिली आणि म्हणाले, "फॅक्टराइज." वर्गात पुढचे बाक भराभर लिहायला लागले. आम्ही मागच्या दोन बाकांवरच्या खानापूरच्या मुली एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. मला फॅक्टरी एवढंच आठवलं. फळ्यावर क्ष² + ५क्ष + ६ होतं. मराठीत विचारलं असतं तर झोपेत अवयव पाडले असते, (क्ष + २)(क्ष + ३). त्या दिवशी मी कोरी वही घेऊन घरी आले. विचारायचं धाडस झालं नाही, आणि पुढं कोएफिशंट, एक्स्पान्शन, रूट, सर्ड असे शब्द येत गेले तसं विचारण्यासारखं काय-काय साठलं याचाही हिशेब राहिला नाही. वर्षाअखेरीस गणितात गेले आणि कॉमर्सला आले. रडगाणं म्हणून हे सांगत नाही, कॉमर्सनं मला पोट दिलंय. पण ज्या सहगुणकाशी माझं दहावीत चांगलं जमत होतं, तोच कोएफिशंट आहे हे मला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षी कळलं. कुणी सांगितलं? कुणी नाही. एका जुन्या पुस्तकाच्या मागच्या पानावर शब्दसूची होती.

आता यात एक गंमत आहे, ती आपल्या भागातल्या माणसालाच दिसेल. आमचं वर्गसमीकरण कन्नडमध्येही वर्गसमीकरणच आहे. सहगुणक तिकडंही सहगुणक. बहुपदीला ते बहुपदोक्ती म्हणतात. अवयव तेवढा वेगळा, त्याला ते अपवर्तन म्हणतात, आणि चलाला चराक्षर. म्हणजे बैलहोंगलहून कन्नड शाळेतून आलेला पोरगा आणि खानापूरहून मराठी शाळेतून आलेली पोरगी, दोघं एकाच बाकावर बसून एकाच शब्दाला अडतात, आणि दोघांच्याही डोक्यात त्या शब्दाचा अर्थ जवळजवळ एकाच संस्कृत कपड्यात पडून असतो. १ नोव्हेंबरला, एकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्याचा काळा दिवस असतो तेव्हा, त्यांचे बाप एकमेकांविरुद्ध घोषणा देत असतील, पण जुलैत दोघांची वही सारखीच कोरी असते. फळ्याच्या कोपऱ्यात तीन शब्द शेजारी-शेजारी लिहायला दहा सेकंद लागतात. परीक्षा इंग्रजीतच द्यायची आहे, इंग्रजी शब्द यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फॅक्टर हा शब्द पाठ करावाच लागेल. फक्त तो ओळखीच्या दारातून आत येऊ द्या.

पण सगळा दोष भाषेच्या माथी मारला तर मी खोटं बोलेन. भाषा हा अर्धा घोळ. उरलेला अर्धा आमच्या मराठी शाळांचा, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

"पलीकडं नेलं की उलटं होतं." हा मंत्र आमच्या शाळांतून मुलांना असा दिला जातो जसा विंचवाचा उतारा द्यावा. काय पलीकडं नेलं, कशाच्या उलटं, हे कुणी विचारत नाही. मग ३क्ष = १२ दिलं की माझ्या पडवीत दरवर्षी एकजण तरी ३ पलीकडं नेऊन उणे करतो आणि उत्तर ९ काढतो. तो मठ्ठ नसतो. त्याला बाजू बदलायला शिकवलंय, समतोल ठेवायला शिकवलेलं नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांना जे करायचं ते सारखं करायचं, इतकंच ते आहे. ३ नं गुणलंय म्हणून दोन्हीकडं ३ नं भागायचं. एवढं एकदा हाताला पटलं की मंत्राची गरज संपते.

असमानता आली की हाच मंत्र उलटतो. −२क्ष > ६. पोरं दोन्हीकडं उणे २ नं भागतात आणि लिहितात क्ष > −३. चिन्ह वळवायला विसरतात, किंवा कुणी सांगितलं म्हणून वळवतात, का ते माहीत नसतं. इथं मी किराणा दुकानाची उधारी काढते. खिशात २ रुपये असलेला माणूस ६ वाल्यापेक्षा गरीब. पण २ रुपये उधारी असलेला ६ रुपये उधारीवाल्यापेक्षा बरा. धन उलटून ऋण केलं की लहान-मोठं उलटतं. म्हणून उणे संख्येनं गुणलं-भागलं की चिन्ह वळतं, आणि उत्तर क्ष < −३. हे उदाहरण माझं नाही म्हणा ना. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं धन आणि ऋण याच शब्दांत अधिक-उण्याचे नियम बांधले. ऋण म्हणजे कर्ज. शब्दातच अर्थ ठेवलाय आणि आमची पोरं तो शब्द रोज वापरून त्याच्याकडं बघत नाहीत.

ब्रह्मगुप्ताचं नाव काढलं तर भास्कराचार्यांचंही काढायला हवं, कारण त्यांच्यावर आपल्या भागाचा थोडा हक्क आहे, निदान वाद घालण्यापुरता. ते आपलं गाव विज्जडवीड सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाचं. कुणी म्हणतं ते म्हणजे विजापूर, कुणी म्हणतं चाळीसगावजवळचं पाटण, जिथं त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचा शिलालेख आहे. म्हणजे बीजगणितालासुद्धा सीमावाद सुटला नाही. पण पोरांना मी सांगते ते वेगळं. ११५० मध्ये छत्तीस वर्षांच्या या माणसानं अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हटलं, म्हणजे जितकं असेल तितकं. दुसरी अज्ञात आली की तिला रंगाचं नाव: कालक, नीलक, पीतक. आणि लिहिताना फक्त पहिलं अक्षर, या, का, नी, पी. एक्स-वाय म्हणजे साहेबांनी आणलेलं काहीतरी, असं वाटून जी पोरं दबकतात त्यांना हे सांगितलं की पाठ थोडी ताठ होते. एक मुलगा तर आठवडाभर सगळी समीकरणं "या" मध्येच सोडवत होता. पेपरात तसं लिहू नको म्हणून मला हात जोडावे लागले.

वर्गसमीकरणाचं सूत्र पोरं पाठ करतात आणि उणे ब विसरतात, नाहीतर २अ फक्त अर्ध्या भागाखाली लिहितात. यावरही घरचाच उतारा आहे. पूर्ण वर्ग करायची श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी सांगून ठेवली आहे: आधी वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीनं दोन्ही बाजू गुणा. ती शिकवली की अपूर्णांक येतच नाहीत. उदाहरणार्थ २क्ष² + ७क्ष + ३ = ०. वर्गाचा सहगुणक २, त्याची चौपट ८. गुणलं की १६क्ष² + ५६क्ष + २४ = ०. आता ७ चा वर्ग ४९ दोन्हीकडं मिळवा, २४ दोन्हीकडून वजा करा. डावीकडं (४क्ष + ७)² तयार होतो, उजवीकडं ४९ − २४ = २५. म्हणजे ४क्ष + ७ हे एकतर ५, नाहीतर −५. म्हणून क्ष = −½ किंवा −३. पुस्तकातली पूर्ण वर्गाची रीत सुरुवातीलाच २ नं भागून साडेतीन आणि पावणेदोन अशा अपूर्णांकांच्या चिखलात नेते, आणि माझ्याकडं येणारी निम्मी पोरं त्या चिखलात रुततात. सूत्र कुठून आलं हे या चार ओळींत दिसतं, मग ते विसरलं तरी परत बांधता येतं. तुम्ही सगळे हे जाणता, मी तुम्हाला शिकवत नाहीये. पण पंचेचाळीस मिनिटांच्या तासात कॉम्प्लेक्स नंबर संपवायचे असतात तेव्हा हे सांगायला कोण थांबणार?

आमच्या शॉपमधलं एक गणित मी दरवर्षी देते. दोन लेथ आहेत, एक जुना, एक नवा. एका लॉटला जुन्याला नव्यापेक्षा ५ तास जास्त लागतात. दोन्ही एकदम लावले तर लॉट ६ तासांत निघतो. एकट्या नव्याला किती लागतील? पोरं आधी ५ आणि ६ ची बेरीज, वजाबाकी, जे सुचेल ते करून बघतात. मग मी विचारते, एका तासात किती काम होतं? नव्याला क्ष तास, म्हणजे तासाला एक छेद क्ष. जुन्याला क्ष + ५, म्हणजे तासाला एक छेद क्ष + ५. दोन्ही मिळून एक छेद सहा. छेद काढून टाकले की क्ष² − ७क्ष − ३० = ०, अवयव (क्ष − १०)(क्ष + ३). उत्तर १० तास, जुन्याला १५. दुसरं उत्तर उणे ३. उणे तीन तासांत लॉट काढणारा लेथ अजून उद्यमबागेत आलेला नाही, आला तर मालक पहिला घेतील. पोरं हसतात, पण त्याच हसण्यात त्यांना कळतं की समीकरणाची दोन उत्तरं आली म्हणून दोन्ही लिहून मोकळं व्हायचं नसतं. ज्याचे वडील खरोखर लेथवर उभे असतात तो पोरगा त्या दिवशी घरी जाऊन त्यांना हे गणित घालतो. एकाच्या वडिलांनी दोन मिनिटांत तोंडी उत्तर दिलं, समीकरण न मांडता. त्यांनी नेमकं काय केलं हे अजून मला उलगडलेलं नाही.

कॉमर्सवाल्यांनाही यातून सुटका नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. बारा टक्के चक्रवाढीनं पैसे किती वर्षांत दुप्पट होतील, असं विचारलं की बीकॉमची मुलं वर्षाला-वर्ष गुणत बसतात. घातांकात अडकलेला अज्ञात लॉगनं खाली उतरवायचा असतो: लॉग २ भागिले लॉग १.१२, म्हणजे ०.३०१० भागिले ०.०४९२, सहा वर्षांच्या थोडं वर. पिग्मी गोळा करणाऱ्याच्या पोरीनं हे गणित सोडवलं आणि वडिलांच्या सोसायटीनं छापलेलं पत्रक काढून ताडून बघितलं. असा हिशेब बघून मला जो आनंद होतो तो पगाराच्या दिवशीसुद्धा होत नाही.

तर आता माझं मागणं.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत इंटरमीजिएट अल्जिब्रा नावाचा एक अख्खा पेपर असतो. त्यात बरंचसं हेच: बहुपदींचे अवयव, छेदात चल असलेले अपूर्णांक, घातांक आणि करणी, वर्गसमीकरणं, असमानता, लॉग. म्हणजे कॉलेजात आलेल्या मुलाला हे परत शिकवावं लागतं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे त्यांनी मान्य करून टाकलंय. आपल्याकडं हा सगळा माल दहावी आणि फर्स्ट पीयूच्या मधल्या फटीत पडतो. पण त्यांचाच दुसरा अनुभवही बघण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात कच्च्या मुलांना आधी एकामागून एक तयारीचे वर्ग करायला लावायचे, आणि बरीच मुलं मुख्य वर्गाचं तोंड बघायच्या आधीच गळून जायची. शेवटी २०१७ मध्ये कायदा करावा लागला. मुलांना थेट मुख्य वर्गात घ्या असा त्याचा रोख, आणि मग मदतीचे तास त्याच वर्गाला जोडून द्यायची पद्धत वाढली. म्हणून मी वेगळी तुकडी मागत नाही. वेगळ्या तुकडीला दुसऱ्या दिवशी नाव पडतं, आणि नाव पडलेल्या तुकडीत आपल्या पोरीला कुठली आई बसवेल?

जोडून तास द्या. जून-जुलैचे सहा आठवडे, आठवड्याला तीन, म्हणजे अठरा तास. त्यातले निदान सहा अवयवांना, कारण लिमिटपासून ट्रिगनॉमेट्रीपर्यंत सगळी घरं त्याच पायावर उभी आहेत. अपूर्णांक आणि कंसातली चिन्हं यांना कमी समजू नका, रक्तस्राव तिथंच होतो. शब्दांतून समीकरण मांडायला थोडा वेळ ठेवा. फळ्यावर तीन भाषांतले शब्द. आणि परीक्षा नको, निदान त्या सहा आठवड्यांत तरी नको. कर्नाटकात शाळेला दर जूनमध्ये सेतुबंध असतोच, आधीच्या इयत्तेचं काय राहिलं ते बघून मग नवीन धडा. दहावी पास झाल्या दिवशी नदी आटते असं थोडंच आहे? मग पूल तिथंच का तोडायचा?

तुमची अडचण मला ठाऊक आहे. पोर्शन संपत नाही, सीईटी डोक्यावर, निम्मे लेक्चरर गेस्ट म्हणून, त्यांना तासावर पैसे, आणि जास्तीच्या तासाचे पैसे कोण देणार यावर मिटिंगा. संस्थाचालकांना मी एवढंच म्हणेन की गॅदरिंगच्या मांडवाला जे लागतं त्यापेक्षा अठरा तासांचं मानधन जास्त होणार नाही. मांडवाची बिलं मी आमच्या मालकांसाठी काढली आहेत, मला दर माहीत आहेत. आणि पोर्शनचं म्हणाल तर सर, अवयव न येणाऱ्या वर्गाला लिमिट शिकवण्यात जो वेळ जातो तो तुम्ही कुठल्या खात्यात धरता?

उलटं उत्तर मला एका सरांकडून मिळालं होतं. प्रेमानंच म्हणाले, "ज्यांना झेपत नाही त्यांनी आर्ट्स घ्यावं ना." जांबोटीच्या त्या मुलीला मी हे कधी सांगितलं नाही. ती आता सेकंड पीयूसीला आहे. काटायच्या आधी दोन्ही बाजूंना कंस घालते, एवढी एकच सवय तिला लावली, आणि आता ती माझ्या वहीतल्या चुका काढते.

वेळेबद्दल एक मात्र बघा. २०२३ च्या जूनपासून आमच्या मुलींना सरकारी बस फुकट झाली, त्यामुळे कणकुंबी-जांबोटीकडूनसुद्धा पोरी आता बेळगावला शिकायला येऊ लागल्यात. पण बस फुकट झाली तरी वेळेवर येतेच असं नाही, आणि पावसाळ्यात तिकडचा रस्ता संध्याकाळनंतर भरवशाचा नसतो. त्यात जुलैत रोप लावण असते, घरात हात कमी पडले की पहिली पोरगीच थांबते. त्यामुळे कॉलेज सुटल्यावर तास ठेवलात तर ज्यांना हवेत त्याच नसतील. सकाळचा पहिला नको, संध्याकाळचा शेवटचा नको. मधल्या सुट्टीला लागून कुठला तरी ठेवा.

एखाद्या कॉलेजाला लेक्चरर मिळत नसेल तर शनिवारी आमचं शॉप दोनला सुटतं. अडीचपर्यंत मी टिळकवाडीत किंवा कॉलेज रोडला पोचू शकते. डिग्री बीकॉमची आहे, त्यामुळे रजिस्टरवर सही करायचा अधिकार मला नाही, ते तुमचं कुणीतरी करावं. मानधन नको. मराठी, कन्नड आणि इंग्रजी शब्दांची सूची मी दोन पानांत लिहून ठेवली आहे. कन्नड बाजू आमच्या शॉपमधल्या एका गोकाकच्या फिटरनं तपासून दिली आहे. झेरॉक्सचा खर्च माझा.

खोली तेवढी द्या, जिच्या फळ्यावर खडू उमटतो अशी. आणि साडेचारला मला सोडा, पाचची बस गेली तर पुढची किती वाजता येईल हे कंडक्टरलाही सांगता येत नाही.

आपली नम्र,
उद्यमबागेत हिशेब बघणारी, खानापूर तालुक्यातली एक बीकॉम